कपच्यांचे देणे

आमच्या शाळांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ नावाचा एक प्रकार फार वर्षे चालत आला आहे. कार्यानुभवाच्या तासाला मुले नारळाच्या करवंटीचे माकड करतात, आइस्क्रीमच्या काड्यांचे घर करतात, जुन्या बांगड्यांचे तोरण करतात. प्रदर्शनाच्या दिवशी या वस्तू टेबलावर मांडल्या जातात, पाहुणे त्यांच्याकडे बघून मान डोलावतात, आणि आठ दिवसांनी शिपाई ते माकड, ते घर आणि ते तोरण एका पोत्यात भरून मागच्या अंगणात नेऊन टाकतो. टाकाऊतून टिकाऊ आणि टिकाऊतून पुन्हा टाकाऊ असा हा प्रवास मी वीस वर्षे पाहत आलो आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मुलांचे हात त्या निमित्ताने हलतात, हे काय थोडे झाले? माझी तक्रार आहे ती त्या शब्दाबद्दल. ‘टाकाऊ’ हे विशेषण आपण असे लावतो, की जणू वस्तूचा रंगच सांगतो आहोत. करवंटी तपकिरी आहे, कठीण आहे, गोल आहे आणि टाकाऊ आहे. यांतले पहिले तीन गुण करवंटीचे, चौथा माझा. माझे खोबरे काढून झाले, एवढाच त्याचा अर्थ.

आम्हा शिक्षकांच्या तोंडी सदा असणारे दुसरे एक वाक्य आहे. टाकीचे घाव सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही. शाळेच्या भिंतीवर ते रंगवलेले असते, निरोपसमारंभात ते हमखास ऐकू येते, आणि छडीच्या काळात तर ते फारच सोयीचे होते. या म्हणीत खोटे असे काही नाही. परंतु पाथरवटाला काम करताना तुम्ही कधी पाहिले आहे का? घाव बसतो तो मूर्तीवर नव्हेच. टाकी टेकते ती नको असलेल्या भागावर, हातोडा पडतो तो त्या भागासाठी. मूर्तीच्या वाट्याला येतो तो आतून जाणारा हादरा. घाव सोसला कपचीने आणि देवपण मिळाले उरलेल्याला. पाथरवटाच्या पायाशी साचलेल्या त्या कपच्यांना कोणी नमस्कार करीत नाही. संध्याकाळी त्या टोपलीत भरतात आणि कुठल्या तरी खड्ड्यात भर म्हणून ओततात. दहावीचा निकाल लागतो त्या दिवशी शाळेच्या फलकावर पाच नावे झळकतात. उरलेल्या पन्नासांनीही तेच तास, तीच बोलणी, तीच परीक्षा सोसलेली असते. पण हे मी इथेच सोडतो. मुलांना दगडाची उपमा देणे मला एरवीही आवडत नाही, आणि आज मला बोलायचे आहे ते खऱ्या दगडाबद्दल.

मी गारखेड्याला राहतो. एके काळी हे शहराबाहेरचे खेडे होते. आता ते छत्रपती संभाजीनगरच्या ऐन पोटात आहे, आणि खेडे उरले आहे ते नावात. गार म्हणजे गारगोटी आणि गारा म्हणजे भिंतीसाठी कालवलेला चिखल. आमच्या नावात मला हे दोन्ही शब्द ऐकू येतात. (हा माझा खासगी छंद आहे, व्युत्पत्तीच्या पंडितांनी कान टवकारण्याचे कारण नाही.) दक्षिणेला बीड बायपास ओलांडला की साताऱ्याचा डोंगर दिसू लागतो. हा डोंगर, वेरूळचा डोंगर, अजिंठ्याचा डोंगर, आमच्या जुन्या घरांच्या पायाचा दगड आणि पावसाळ्यात चपलेला चिकटून बसणारी काळी माती, ही सगळी एकाच घराण्यातली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वर आला, थरावर थर पसरला आणि निवून त्याचा काळा कातळ झाला. भूगोलाच्या पुस्तकात त्याला बसाल्ट म्हणतात. ऊन-पाण्याने तो कुजला की त्याचा मुरूम होतो, आणि मुरूम आणखी कुजला की माती. माती ही दगडाला परकी नव्हे. दोघांत फरक आहे तो वयाचा.

आज या कातळाचे काय होते ते शहराबाहेर कुठल्याही खदानीवर दिसेल. सुरुंगाने तो उडवतात, क्रशरच्या जबड्यात घालतात आणि चाळण्यांवरून त्याची प्रतवारी करतात. मोठी खडी रस्त्याला जाते, बारीक खडी स्लॅबला. सगळ्यांत खाली राखी रंगाची भुकटी साचते, ती चुरी. तिच्यातली सगळ्यांत बारीक जी असते ती तिथे थांबतसुद्धा नाही. वाऱ्यावर उडते, शेजारच्या कपाशीच्या पानांवर बसते, आणि पहिल्या पावसात लगदा होऊन नाल्याला लागते. शहरात ग्रॅनाइटच्या दुकानांमागेही असाच लगदा दिसतो. स्वयंपाकाचा ओटा कापताना करवतीखाली पाणी सोडतात, ते पाणी दगडाचे पीठ बरोबर घेऊन गटारात उतरते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी बडोद्याला जाऊन चिनीमातीचे काम शिकून आली. आमच्याच भागात एका पत्र्याच्या शेडमध्ये तिची भट्टी आहे. चार वर्षांपूर्वी तिने एका क्रशरवरून दोन पोती चुरी आणली, तेव्हा क्रशरवाल्याने पैसे घेतले नाहीत. वेडी मुलगी आहे, घेऊन जाऊ दे, असा त्याचा एकंदर भाव होता. तिने ती चुरी कपड्यातून चाळली, खलात घोटली, पाण्यात कालवली आणि भाजलेल्या मातीच्या लहान लहान तुकड्यांवर फासून भट्टीत ठेवली. हे तुकडे पाहायला मी गेलो आणि त्या दिवसापासून या विषयाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले. रसायनशास्त्राशी माझी ओळख नमस्कारापुरती. पण तिने मला जे समजावले ते इतके सरळ आहे, की ते वाचकांनाही सांगावेसे वाटते. भांड्यावर जी काचेसारखी झिलई असते, जिला ती ग्लेझ म्हणते, ती मुळात वितळलेल्या दगडाचीच साय. तिला तीन गोष्टी लागतात. काच होणारी सिलिका, म्हणजेच आपली गारगोटी. सिलिकेला वितळायला लावणारे चुना, सोडा, पोटॅश असे एखादे द्रव्य. आणि वितळलेला रस भांड्यावरून ओघळून जाऊ नये म्हणून त्याला अंगबळ देणारी ॲल्युमिना, जी मातीत असते. बाजारात ही द्रव्ये वेगवेगळ्या पिशव्यांतून विकत मिळतात. आमच्या काळ्या दगडात ती जन्मतःच एकत्र नांदत आहेत. त्यात जवळजवळ निम्मी सिलिका, सातवा हिस्सा ॲल्युमिना, दहावा हिस्सा चुना, थोडा मॅग्नेशिया, आणि लोखंडाची संयुगे शेकडा १० ते १४ इतकी. १,२०० अंश सेल्सियसच्या आसपास हा दगड वितळतो. म्हणजे पृथ्वीच्या पोटातून आला तेव्हा जो रस होता, तो पत्र्याच्या शेडमधल्या भट्टीत पुन्हा रस होतो.

झिलई निघाली काळी. डोळ्यांत भरणारी, खोल, कावळ्याच्या पंखासारखी काळी. आणि भांड्याच्या काठाला, जिथे थर पातळ होता तिथे, गंजाच्या तांबूस रंगाची. जिथे थर जाड बसला तिथे तो ओघळून भट्टीच्या फळीला असा चिकटला, की वाटी छिन्नीने सोडवावी लागली. बाभळीची राख मिसळली तेव्हा रंग हिरवट तपकिरी झाला. आमच्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात, त्यांना झिओलाइट म्हणतात. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते काचेच्या कपाटात बसलेले आहेत आणि खदानीत ते चुरीत भरडले जातात. १७५६ साली क्रॉनस्टेड नावाच्या स्वीडिश गृहस्थाने त्यांना हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ उकळणारा दगड. त्यांच्या आत पाणी दडलेले असते आणि ते तापवले की फुगतात, फेसाळतात. म्हणून ती चुरी अगोदर एकदा नुसतीच भाजून घेते. चुरीतली भरड ती मातीतही मळते. बेताने घातली तर भांडे सुकताना कमी आकसते आणि भाजल्यावर अंगावर लोखंडाचे काळे ठिपके उमटतात. जास्त घातली तर भांडे भट्टीत फुगते आणि बसते. आपले कुंभारही मातीत राख आणि लीद मिसळत आलेले आहेत. उरलेल्याची किंमत त्यांना कोणी शिकवावी लागली नाही.

तिच्याकडे येणारी काही गिऱ्हाइके विचारतात, हेच पांढऱ्यात मिळेल का? ती सांगते, मिळणार नाही. या दगडात लोखंड आहे. त्याला पांढरे करायचे म्हणजे वर दुसरेच काही तरी फासायचे, आणि मग हा दगड वापरायचा तरी कशाला? तिच्या या उत्तरात मला फार अर्थ दिसला. आपण टाकलेल्या वस्तूला परत घेतो तेव्हा बहुधा आपल्या अटींवर घेतो. करवंटीने माकड व्हायचे, बाटलीने फुलदाणी व्हायचे, मग आम्ही तिला टेबलावर ठेवू. इथे उलट होते. दगड सांगतो, मी काळा आहे आणि इतक्या उष्णतेला वितळतो. जमत असेल तर या. आमच्या आजीची लोणच्याची बरणी खांद्यापर्यंत तपकिरी होती, तो रंगही लोखंडाचाच. त्या बरणीने पांढरी व्हावे असे कोणाच्या मनात आले नाही.

ही गोष्ट आमच्याकडेच घडते आहे असे नाही. जपानात माशिको नावाच्या गावी शोजी हामादा हा कुंभार जाऊन राहिला. त्या गावाजवळ एक दगड निघतो. त्याची नुसती भुकटी पाण्यात कालवून भांड्यावर फासली की भाजल्यावर पिकलेल्या काकीफळासारखा तांबूस रंग येतो. हामादाने आयुष्यभर ही झिलई वापरली. १९५५ साली जपान सरकारने त्याला राष्ट्राचा जिवंत ठेवा म्हणून मान दिला. त्याचा मित्र बर्नार्ड लीच याने १९४० साली कुंभारकामावर जे पुस्तक लिहिले, ते वाचून जगभरच्या कुंभारांनी आपापल्या गावचे दगड आणि राख भट्टीत घालून पाहिली.

आणि जपानला तरी कशाला जायचे? आमच्या शहरापासून १०० किलोमीटरवर अजिंठा आहे. तिथली चित्रे आपण पाहतो ती भिंतीवरची. पण त्या चित्राखाली काय आहे हे फार थोडे लोक विचारतात. दगडाच्या खडबडीत भिंतीवर प्रथम मातीचा गिलावा दिलेला आहे. त्यात लोहयुक्त माती, दगडाची भरड, वाळू, भाताचे तूस, गवत आणि वनस्पतींचे तंतू सापडले आहेत. (वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिळाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. वर्गात ही माहिती दिली की पुढचा तास वाया जातो.) त्यावर चुन्याचा पातळ हात आणि त्यावर रंग. रंगही बहुतेक मातीचे आणि दगडाचे: गेरू, पिवळी माती, आणि लाव्हाच्या खडकात मिळते ती हिरवी माती. निळा तेवढा दूर अफगाणिस्तानातून आलेल्या लाजवर्दाचा. डोंगराच्या पोटात बसून माणसे छिन्नीने दगड उडवीत आहेत, पायाशी भरड साचते आहे, आणि गिलाव्यासाठी भरड हवी आहे. ती त्यांनी लांबून आणली असेल असे माझे मन मान्य करीत नाही. भिंतीतून सुटलेली कपची पुन्हा भिंतीला लागली आणि तिच्यावर पद्मपाणी उमटला, असेच मी मनाशी धरून चालतो.

वेरूळचे प्रकरण निराळे आहे. कैलास लेणे वरून खाली कोरत आणलेले. आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाचे नाव त्याला जोडले जाते, आणि तिथून काढलेला दगड दोन लाख टनांच्या घरात असावा असा अंदाज सांगतात. साध्या खदानीत काढलेला दगड कामाचा असतो आणि मागे राहिलेला खड्डा टाकाऊ. कैलासात काढलेला दगड टाकाऊ होता आणि मागे राहिले ते देऊळ. एकच कातळ, एकच छिन्नी, तोच घाव. पण टाकाऊ काय आणि ठेवण्याजोगे काय याचा हिशेब नेमका उलटा. इतक्या वेळा मी मुलांची सहल घेऊन तिथे गेलो, पण दोन लाख टन दगड कुठे गेला असे एकाही मुलाने विचारले नाही. मोठ्यांनीही नाही. देऊळ इतके सुंदर आहे की तो प्रश्नच सुचत नाही. सौंदर्याचा हा एक दोष मला अलीकडे जाणवू लागला आहे. ते हिशेब विसरायला लावते.

तो हिशेब कोणाचा, हे मला समजले ते आमच्या गल्लीतल्या मामांमुळे. मामा वडार समाजाचे. वयाची सत्तरी गाठलेले. वडील खदानीत, हेही खदानीत, पुढे क्रशरवर. आता मुलगा रिक्षा चालवतो. एका दुपारी मी शेडकडे निघालो होतो, तर तेही सहज बरोबर आले. तिने त्यांना मांडणीवरच्या काळ्या वाट्या दाखवल्या.

“मामा, ही झिलई क्रशरच्या चुरीची आहे.”

मामांनी वाटी हातात घेतली, उलटी केली, नखाने वाजवून पाहिली. आवाज त्यांना पटला असावा.

“केवढ्याला देतीस पोरी?”

“सहाशे.”

“आन् चुरी?”

“ती फुकट मिळाली.”

“फुकट कशी?” मामा म्हणाले. “आमी खाल्ली की ती, पंचवीस वर्षं.” आणि मग माझ्याकडे वळून, “गुरुजी, माझा बा तिच्यातच गेला. खोकून खोकून.” हे त्यांनी चिडून म्हटले नाही. वाटी त्यांनी जपून जागेवर ठेवली आणि चांगली झाली आहे असेही ते म्हणाले.

गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात गेली की तिथेच राहते. फुप्फुस त्या जागी घट्ट होत जाते आणि माणसाला श्वास पुरेनासा होतो. सिलिकोसिस हे त्याचे नाव. हा रोग खदानीचा तसाच कुंभाराचाही. इंग्लंडात स्टॅफर्डशायरच्या कुंभारांनी भांडी पांढरी व्हावीत म्हणून गार भाजून, दळून मातीत मिसळायला सुरुवात केली, तेव्हा गार दळणारी माणसे मरू लागली. १७२६ साली टॉमस बेन्सन नावाच्या माणसाने गार पाण्याखाली दळण्याच्या युक्तीचे पेटंट घेतले. उपाय इतका साधा होता: पाणी. आजही क्रशरवर पाण्याचे फवारे असावेत, यंत्र झाकलेले असावे, असे नियम आहेत. पण मराठवाड्यात उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने येते. माणसाच्या घशाला जिथे पाणी मोजून मिळते, तिथे दगडाच्या धुळीवर ते कोण आणि किती दिवस शिंपडणार?

म्हणून टाकाऊ दगडाची सुंदर भांडी झाली की माझ्या मनात जो आनंद होतो, त्याच्या जोडीला एक शंका येते. या वाटीने काही फिटले का? माझे मत असे आहे, की फिटते, पण फार थोडे. आपण जे फोडले त्याचे आपण देणेकरी आहोत. डोंगराचे, त्या कपचीचे, आणि फोडणाऱ्या हातांचे. कपची वापरणे हा त्या देण्यातला एक हप्ता आहे. ते पुण्यकर्म नव्हे. हप्ता भरणारा माणूस स्वतःची पाठ थोपटीत नाही. कायद्यालाही हे देणे अंधुकसे कळलेले दिसते. २०१५ साली केंद्र सरकारने खाणींच्या कायद्यात दुरुस्ती करून जिल्ह्याजिल्ह्यात खनिज प्रतिष्ठाने स्थापण्याची तरतूद केली. खाणीची झळ बसलेल्या लोकांसाठी त्यातून पैसा खर्च व्हावा हा हेतू. हेतू चांगला आहे. मामांच्या वडिलांना तो गाठू शकला नाही.

उलट, हप्त्यालाच पुण्य समजले की काय होते याचे एक चित्र मी वर्तमानपत्रात पाहिले. राजस्थानात किशनगढला संगमरवराचा लगदा वर्षानुवर्षे एका जागी टाकतात. त्याचे पांढरेशुभ्र डोंगर झाले आहेत. आता तिथे नवपरिणीत जोडपी बर्फाच्या प्रदेशात आल्यासारखी छायाचित्रे काढून घेतात, सहली येतात. कचऱ्याने सुंदर दिसायला सुरुवात केली, आणि त्याचे काय करायचे हा प्रश्न त्या झगमगाटात मागे पडला.

आमच्याकडे याहून गंभीर गोष्ट घडते आहे. गोदावरीच्या आणि इतर नद्यांच्या पात्रातून वाळू ओरबाडली जाऊ लागली, तेव्हा तिला पर्याय म्हणून दगड दळून केलेली वाळू पुढे आली. चुरी धुऊन, चाळून तिला बांधकामात घ्यायचे. नदी वाचवण्याच्या दृष्टीने हे योग्यच होते आणि आहे. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कृत्रिम वाळूचे धोरण मंजूर केले. पण याचा एक परिणाम पाहा. काल जी चुरी फुकट होती ती आज ब्रासच्या भावाने विकली जाते. आणि जिला भाव आला ती वस्तू फक्त उरण्याची वाट कोण पाहील? आता तीच तयार करण्यासाठी दगड दळला जातो. कपचीला किंमत आली, आणि तिच्यासाठी अख्खा दगड फुटू लागला. नदीचे देणे डोंगराच्या खात्यातून भागवले. यात कोणी दुष्ट आहे असे मला म्हणायचे नाही. मला एवढेच दिसते, की ‘टाकाऊ’ हा शब्द एकदा प्रतिष्ठित झाला की तो मागणी निर्माण करतो, आणि मागणी झाली की टाकाऊ वस्तू मुद्दाम बनवली जाऊ लागते. शाळेतल्या प्रदर्शनासाठी नवी कोरी वही फाडून ‘रद्दीची’ फुले करणारी मुले मी पाहिली आहेत. आईने नव्या बाटलीतले सरबत घाईघाईने पिऊन बाटली रिकामी करून दिल्याचेही मला ठाऊक आहे.

हे सगळे तात्त्विक राहिले असते, तर मी या लेखाच्या वाटेला गेलो नसतो. गेल्या उन्हाळ्यात तिच्याकडे एक मोठे काम आले. वेरूळच्या रस्त्यावर एक नवे हॉटेल होत आहे. त्यांना दर्शनी भिंतीसाठी २,००० काळ्या फरशा हव्या होत्या, आणि भिंतीवर पितळी पाटी लावायची होती: या फरशा टाकाऊ दगडापासून बनवल्या आहेत. पाहुण्यांना असे वाचायला आवडते, असे व्यवस्थापकांनी तिला सांगितले. तिने क्रशरवर चौकशी केली. इतकी बारीक चुरी शिल्लक नाही, सगळी वाळूच्या मालात जाते, असे उत्तर मिळाले. पण तिला अडचण नको म्हणून मालकाने स्वतःहून तोड सुचवली. “ताई, चांगला दगड घालून खास दळून देतो. तुम्हाला हवी तेवढी.”

ती माझ्याकडे आली. “सर, फरशी तीच होईल. रंग तोच, दगड तोच. डोळ्यांना काही फरक दिसणार नाही. मग मला का खटकतंय?”

हा प्रश्न मला नीतिशास्त्राच्या कोणत्याही प्रश्नापेक्षा अवघड वाटला. कारण तिचे म्हणणे खरे होते. भट्टीला काही कळत नाही. उरलेली चुरी आणि मुद्दाम दळलेली चुरी यांत रसायनशास्त्र भेद करीत नाही, गिऱ्हाईक करू शकत नाही, दगडालाही त्याचे सुखदुःख नाही. भेद आहे तो फक्त एका इतिहासात: पहिल्यासाठी डोंगर फोडलेला नव्हता, दुसऱ्यासाठी फोडला. आणि हा इतिहास वस्तूवर कुठेही उमटलेला नसतो. तो कोणी तरी सांगितला तरच असतो आणि कोणी खोटा सांगितला तर वस्तू काही त्याला अडवत नाही. मला वाटते, बहुतेक नैतिक गोष्टी अशाच असतात. त्या वस्तूत दिसत नाहीत. वस्तूच्या मागे उभ्या राहिलेल्या माणसाच्या शब्दात असतात. खटकले ते म्हणून. तिला फरशी करायला कोणी खोटे करायला सांगत नव्हते. पाटी मात्र खोटी होणार होती.

मी तिला सल्ला दिला नाही. त्या वयाच्या माणसांना सल्ला द्यायचा नसतो, विशेषतः त्यांचे भाडे थकलेले असताना. २,००० फरशांचे पैसे म्हणजे तिची नवी भट्टी होती. आठ दिवसांनी तिने हॉटेलला कळवले, की शेडमध्ये साठवलेली आणि ग्रॅनाइटच्या दुकानामागून आणलेली भुकटी मिळून ३४० फरशा होतील. ग्रॅनाइटच्या भुकटीने काळा थोडा उजळ होतो, तेही तिने कळवले. उरलेल्या फरशांना ती बाजारातून विकत आणलेली द्रव्ये वापरील, त्या दिसायला जवळपास तशाच होतील, परंतु पाटीवर दोन्ही आकडे लिहावे लागतील. हॉटेलवाले चक्क तयार झाले. मला वाटले होते ते काम काढून घेतील. माणसांबद्दलचे आपले अंदाज कधी कधी असे सुखद रीतीने चुकतात.

पाटीचा मजकूर मात्र कादंबरीकार म्हणून माझ्या गळ्यात आला. मी लिहून दिला. कोणत्या फरशा कशाच्या आहेत ते आकड्यांत. चुरी कोणत्या खदानीची ते नावानिशी. आणि तो दगड फोडणारी माणसे वडार समाजाची होती, हे. मामांना विचारले, तुमचे नाव घालू का? ते म्हणाले, “माझं नगं. बाचं टाका.” तेही घातले. मजकूर सगळा मिळून पाच ओळींचा झाला आहे. हॉटेलच्या व्यवस्थापकांचा काल दूरध्वनी आला होता. पितळेची पाटी त्यांनी अगोदरच कापून आणली आहे आणि तिच्यावर दोन ओळी बसतात.